कर्जदार आढळून येत नाही

नऊ वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राला आपण उत्तरच दिलं नव्हतं, हे महावीर मगदूमांना आठवलं ते बँकेत, गृहकर्जाच्या टेबलासमोर बसल्यावर. टेबलापलीकडची आदिती त्यांच्याच शाळेत शिकलेली. तिनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि आवाज खाली आणून सांगितलं, की सरांचा सिबिल स्कोअर पाचशे बारा आहे. सातशेच्या खाली असला की साहेब फाइल उघडूनही बघत नाहीत.

मगदूम सर हायस्कूलचे ग्रंथपाल. त्यांनी उभ्या जन्मात कुणाचं पुस्तकसुद्धा मुदतीपलीकडे ठेवलं नव्हतं. काहीतरी चूक झाली असेल, असं ते चाचरत म्हणाले.

"कर्ज तुमचं नाहीच, सर," आदिती म्हणाली. "पण जामीनदार म्हणून सही तुमची आहे. कर्जदारानं तीन हप्ते भरले. मग काहीच नाही."

कर्जदार म्हणजे हंबीरराव. शाळेतला बाकावरचा सोबती. टेम्पोसाठी कर्ज काढताना त्यानं जामिनाचा कागद रंकाळ्यावर, भेळ खाता खाता पुढं केला होता. सर औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली माहितीची चिठ्ठीसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. पण मित्रादेखत जामिनाचा कागद वाचायचा म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हटल्यासारखं. इथं तसं कुणी करत नाही. सरांनी न वाचता सही केली. पुढं याच बँकेच्या वसुली विभागाचं पत्र आलं : कर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून येत नाही, ठावठिकाणा माहीत असल्यास कळवावे. आता मित्राचा ठावठिकाणा कळवणं ही तर चुगलीच. सर गप्प बसले. बँकही गप्प बसली. फक्त संगणक तेवढा गप्प बसला नव्हता.

शाहूपुरीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोल्या मालकानं बिल्डरला दिल्या होत्या. पाचगावात दोन खोल्यांचा फ्लॅट ठरला होता. बायकोच्या, पद्मावतीबाईंच्या, पाटल्या मोडून इसार दिला होता. महिनाअखेर कर्ज मंजूर झालं नाही तर इसार बुडणार आणि बिऱ्हाड रस्त्यावर येणार. आदितीनं एकच वाट दाखवली. हंबीररावांनी जुनं खातं मिटवून बँकेचा तसा दाखला आणून द्यायचा.

घरी पद्मावतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मित्राची अब्रू झाकत बसलासा," त्या म्हणाल्या. "आता आपल्या डोक्यावर काय झाकायचं ते त्यालाच इचारून या."

बँकेला नऊ वर्षं न सापडलेला माणूस सरांना रिक्षातून जाता जाताच चार वेळा दिसला. प्रत्येक चौकात त्याचा फलक होता, हात जोडलेला. टेम्पोचे ट्रक झाले होते आणि ट्रकांच्या जोरावर हंबीरराव एका पतसंस्थेचा चेअरमन झाला होता. राजारामपुरीतल्या कचेरीत कोचावर पाच-सहा पावणे बसले होते. त्यांच्यादेखत सरांना बोलता येईना. अर्धं बोलले, अर्धं गिळलं.

हंबीरराव मनापासून हसला. हा आमचा महावीर, पुस्तकं खाऊन जगतो, अशी त्यानं पावण्यांना ओळख करून दिली. मग सरांना समजावलं. नऊ वर्षांत बँकेचं कुत्रंसुद्धा दारात आलं नव्हतं. "मागायलाच कोण येत न्हाय, तर द्यायचं कुणाला?" तो म्हणाला. "आन् माणसाची पत माणसात असती, महावीरा. ती काय कागदावर बघायची गोष्ट हाय?"

काम तर अगदी सोपं निघालं. त्याच बँकेच्या त्याच शाखेत रविवारी गृहकर्ज मेळावा होता. उद्घाटक हंबीरराव, भाषणाचा विषय 'आर्थिक शिस्त'. तिथं मॅनेजरच्या कानात एक शब्द टाकला की झालं. त्यानं निमंत्रणपत्रिका सरांच्या खिशात कोंबली. चहाही आला. चहाबरोबर एक अर्ज आला. मुलाला, सम्राटला, नवी गाडी घ्यायची होती, पतसंस्थेतूनच. एक जामीनदार कमी पडत होता. आलाच हाईस तर सही करून जा, म्हणाला.

सरांनी पेन काढलं. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या ओळीपासून अर्ज वाचायला सुरुवात केली. पान उलटलं. कोचावरची कुजबूज थांबली. पावणे एकमेकांकडे बघू लागले. सरांचे कान तापले होते, पण डोळे ओळीवरून हलले नाहीत.

"वाचतोस व्हय रे?" हंबीररावाचा आवाज उतरला होता. "माझ्यावर इश्वास न्हाय?"

"आहे की," सर म्हणाले. "पाचशे बारा."

कुणाला काही कळलं नाही. सरांनी चौदाही पानं वाचली. कर्जदाराच्या वडिलांचा, म्हणजे हंबीररावाचाच, राहता पत्ता पिनकोडसकट आपल्या वहीत उतरवून घेतला, पेनाला टोपण लावलं आणि सही न करता ते उठले. चहा तसाच राहिला.

फ्लॅट मिळेल की इसार बुडेल, याचा त्यांना काहीच अंदाज नव्हता. तरी पोस्ट बंद व्हायच्या आत त्यांनी खिडकी गाठली आणि बँकेच्या मुख्य कचेरीला, वसुली विभागाच्या नावे, स्पीड पोस्टानं पाकीट पाठवलं. आत तो पत्ता, मेळाव्याची निमंत्रणपत्रिका आणि एवढाच मजकूर होता :

'आपल्या नऊ वर्षांपूर्वीच्या पत्रास उत्तर देण्यास विलंब झाला, क्षमस्व. कर्जदार हंबीरराव सोबतच्या पत्त्यावर आढळून येतात. घरी न आढळल्यास आपला माणूस रविवारी सकाळी अकरा वाजता आपल्याच शाखेच्या दारात उभा करावा. ज्यांच्या हाती आपले मॅनेजर फीत कापण्यास कात्री देतील, ते आपले कर्जदार.'