डावा खांदा

आईच्या लग्नातल्या शालूवरचा ब्लाउज घालून लेक आरशासमोर उभी राहिली आणि हसायलाच लागली. “अण्णा, डावा खांदा बघा ना, उचलल्यासारखा दिसतोय!”

अण्णांनी टेप गळ्यात अडकवला. सत्तावीस वर्षांपूर्वी हा ब्लाउज त्यांनीच शिवला होता, आपल्या होणाऱ्या बायकोसाठी. माप घेताना तिचा डावा खांदा पाऊण इंच खाली असल्याचं त्यांना दिसलं होतं. तिला वाईट वाटायला नको, म्हणून त्यांनी अस्तराच्या आत कापडाची जाडशी घडी लपवली. पुढे तिचा प्रत्येक ब्लाउज तसाच शिवला आणि कुणाला म्हणून सांगितलं नाही.

“तेव्हा नवशिका होतो गं,” खडूनं खूण करत ते म्हणाले. “चुकला असेल हात.” त्यांच्या शिलाईला नावं ठेवायची अख्ख्या बाजारपेठेत कुणाची टाप नव्हती.

“काही चुकला नव्हता,” शेजारी शालू उलगडत बसलेली आई म्हणाली. “दादानं एका भाऊबीजेला मला शहरातून ब्लाउज शिवून आणला होता. घातला, तर सारखा डाव्या खांद्यावरून घसरायला लागला. तेव्हा पहिल्यांदा आरशात नीट बघितलं मी. ही रांगत होती त्या वेळी.”

अण्णांच्या हातातला खडू थांबला. “आणि इतकी वर्षं बोलली नाहीस ती?”

“तुम्ही तरी कुठं बोललात?”