सिंधुबाईची पातळं

दाळ मिलमध्ये पंचवीस जणांवर हुकूम चालवणारा माणूस, आणि सकाळच्या पारी अंगणात उकिडवा बसून लेकीचे लंगोट धुतो! सिंधुबाईला हे बघवत नव्हतं. धुवायचे तर धू बाबा, पण न्हाणीत धू, दार लावून धू. दयानंद मात्र बादली घेऊन थेट दारात. वर खळबळलेलं पाणी शेवग्याच्या बुडात ओतणार आणि लंगोट रस्त्याकडच्या दोरीवर टाकणार, जसं काही तोरणच बांधलंय.

"मागल्या अंगाला वाळत घालत जा की रं," ती रोज म्हणायची.

"मागं ऊन कुठाय, माय?"

उन्हाचं खरं होतं. पण समोरच्या ओट्यावर गंगम्मा ज्वारी निवडत बसलेली असायची. तिची ज्वारी मेली कधी निवडून होतच नव्हती. "सिंधुबाई, लेक लई गुणाचा हो तुमचा," असं ती म्हणायची आणि वर हसायची. ते हसू सिंधुबाईला बाभळीच्या काट्यासारखं सलायचं. गावाकडं, मुखेडला, त्यांच्या घरात पुरुषानं चहाचा कप विसळलेला कुणी पाहिला नव्हता.

लातूरला येताना तिनं मुखेडच्या बाजारातून लेकाला आभाळी रंगाचा सदरा आणला होता आणि नातीला डायपरचा मोठ्यात मोठा पुडा. दयानंद तान्हा असताना थंडीत ओढ्यावर लंगोट धुऊन तिच्या स्वतःच्या हातांची सालटं निघाली होती. सुनेची निघू नयेत, एवढंच तिच्या मनात. लेकानं सदरा लगेच अंगात घातला. सुनेनं, उज्वलानं, पुडा घेतला, पाया पडली आणि कपाटात ठेवून दिला.

"आत्या, ते कुजत न्हाई. आपली पोरगी म्हातारी हुईल, तरी ते गल्लीच्या टोकाला तसंच पडून राहील."

"राहू दे की. ती जागा काय तुझ्या बापाची हाय?"

त्यात लंगोट कशाचे, तर सिंधुबाईच्याच जुन्या पातळांचे. गोधडीला म्हणून दिलेली पातळं या दोघांनी टराटरा फाडली होती. आता तिच्या पातळांचे काठ रोज दोरीवर लोंबायचे, आणि गंगम्मा ते बघायची.

म्हणून आज दयानंद दळण आणायला गेला आणि उज्वला आत पोरीला पाजत बसली, तेवढ्यात भांडेवालीची हाक आली, तशी सिंधुबाईनं दोरी खाली केली. होते नव्हते तेवढे लंगोट गाठोड्यात बांधून भांडेवालीपुढं टाकले.

"बाई, ह्या तर चिंध्या हायेत."

"चिंध्या? डोळे हायेत का बटनं? हात लावून बघ. वर्सानुवर्सं अंगावर धुतलेलं हाय. असलं मऊ अख्ख्या लातुरात मिळंल का तुला?"

भांडेवालीनं हात लावला. मग गालाला लावून पाहिलं. झाकणाचा स्टीलचा डबा काढून दिला आणि गाठोडं पाटीत टाकून गेली. सिंधुबाईनं डबा घासला, पुसला आणि लगोलग त्यात डिंकाचे लाडू भरले. भरला डबा कुणी परत द्यायला सांगत नाही, हे तिला ठाऊक होतं.

दयानंद आला. त्यानं रिकामी दोरी पाहिली, डबा पाहिला, आईकडं पाहिलं. आत पोरीनं ओलं केलं होतं आणि भोकाड पसरलं होतं.

"कुठल्या अंगाला गेली, माय?"

"कोन?"

समोरून गंगम्मानंच हात केला. "देवळाकडं गेली, देवळाकडं! पळ!"

तो पळाला. परत आला तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती. त्याच्या डोक्यावर लंगोटाचं गाठोडं, अंगात नुसतं बनियन, तेही काखेत फाटलेलं.

"सदरा कुठाय?" सिंधुबाईचा आवाजच चढला.

"तिच्या पाटीत."

"नवा सदरा? ह्या चिंध्यांपायी?"

"डबा आन म्हनली, न्हाईतर दुसरं कापड दे. डब्यात तर तू लाडू भरून बसलीस." त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि धाप टाकली. "लई घासाघीस केली, माय. ऐकतच न्हाई. म्हनली, असलं मऊ अख्ख्या लातुरात मिळत न्हाई, तुमच्या मायनंच सांगितलंय."

उज्वलानं पदराचा बोळा तोंडात धरला आणि दाराकडं पाठ केली.

दयानंदनं गाठोड्यातला एक लंगोट काढला, नाकाला लावला, झटकला आणि पोरीला गुंडाळला. "नव्या कापडानं हिला चट्टे उठतेत. मला काय, सदरा नसला तरी चालतंय," एवढंच म्हणाला. पोरगी गप झाली. जांभळ्या काठाचं टोक तिच्या मुठीत होतं. सिंधुबाई त्या मुठीकडं बघत राहिली.

"सिंधुबाई," समोरून आवाज आला, "पोराचा सदरा कोनी नेला हो?"

सिंधुबाई ओट्यावर आली. कमरेवर हात.

"मी दिला! माझ्या नातीवरून ओवाळून टाकला! तुमच्या घरात हाय का कोनी, असा सदरा टाकनारा?"

गंगम्मा सुपातल्या ज्वारीत खडे शोधायला लागली.

पाटीतून आलेलं कापड म्हणून दयानंदनं बादली भरून सगळे लंगोट पुन्हा धुतले, पाणी शेवग्याला घातलं आणि लंगोट दोरीवर भराभर फेकायला लागला. सिंधुबाईनं थोडा वेळ पाहिलं. मग तिला राहवलं नाही.

"मुटकुळं करून वाळत घालतेत का रं, येड्या? झटक. तान. काठ रस्त्याच्या अंगाला घे. माझी पातळं हायेत ती, गल्लीला नीट दिसू देत."