कॅलम रिडॉकची किंमत

कॅलम रिडॉकला सोडायचं की नाही, हा प्रश्न मायरन डुबिकच्या लेखी केव्हाच सुटला होता. आता एवढंच ठरायचं होतं, की त्याच्या बदल्यात हॅमिल्टनवाल्यांना किती पिळायचं.

"अरे, अंगावरचा शर्टसुद्धा मागशील तू," फोनवर विल्फ टॅनर कुरकुरला. हॅमिल्टनच्या आइस हॉकी संघाचा कारभार तो पाहायचा, जसा सास्काटूनचा मायरन पाहायचा.

"शर्ट नको, तुझं पोट मोठं आहे. पहिल्या फेरीच्या निवडी दे. पुढच्या तिन्ही वर्षांच्या."

"आणि मी काय करू? बर्फ चाटू?"

"चषक जिंक. कॅलम मिळाला तर जिंकशील. विचार करून सांग, दुपारी अदलाबदलीची मुदत संपतेय."

मायरनने फोन ठेवला. दर उन्हाळ्यात लीगमधले संघ पाळीपाळीने कोवळी पोरं निवडतात, आणि पहिल्या फेरीत हाताला लागतं ते खरं सोनं. मायरनचा संघ सलग तीन हंगाम तळाला होता. त्याने तो मुळापासून मोडून नव्या पोरांवर उभा करायला घेतला होता. कॅलम हा लीगमधला सगळ्यात भारी सेंटर, म्हणजे आक्रमणाच्या मधोमध खेळणारा, पण एकतिशीचा. पोरं तयार होईपर्यंत त्याचे गुडघे कुरकुरायला लागले असते.

समोर संघाची मालकीण बर्निस क्लासन सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. नवऱ्यामागे ट्रॅक्टरचा धंदा आणि हा संघ, दोन्ही तिने एकटीने सांभाळले होते.

"गाव मला शिव्या घालेल, मायरन."

"तुम्हाला नाही, मला घालेल. पगार कशाचा देता मग?"

"आणि तीन वर्षांनी?"

"तीन वर्षांनी हीच पोरं चषक उचलतील. मी तुमच्या शेजारी उभा असेन."

हे तो उगाच बोलला नव्हता. त्याचा बाप इथल्याच धान्याच्या कोठारात राबला होता आणि रविवारी पोराला बर्फावर सोडून काठावर कुडकुडत उभा राहिला होता. हॅमिल्टनचा नाही, टोरांटोचा नाही, मायरनला चषक हवा होता तो इथलाच. दुसरं काही त्याने आयुष्याकडे मागितलं नव्हतं.

सराव आटोपून कॅलम आला, केस ओलेच. करारामुळे त्याला नकार देण्याचा हक्क होता, तेव्हा त्याला विचारणं भागच होतं.

"हॅमिल्टन?" तो खुर्चीत बसत म्हणाला. "म्हणजे मी म्हातारा झालो, हे गोड करून सांगतोयस."

"गोड कुठे? सरळच सांगतोय."

कॅलम हसला. "इथे राहिलो तर हरायची सवय लागेल रे. जातो. माझ्या बदल्यात काय घेतोयस?"

"त्यांच्या घरात असेल नसेल ते सगळं."

"बिचारा विल्फ."

"विल्फला काय होतंय? सत्तरी आली त्याची, आज ना उद्या गळ घेऊन तळ्यावर बसेल. मरणार तो, जो त्याच्या खुर्चीत येईल. तीन वर्षं पहिल्या फेरीत नुसता दुसऱ्यांची तोंडं बघत बसेल गाढव!"

दोघंही खो खो हसले.

मुदत संपत आली तसा विल्फचा फोन आला. तिन्ही निवडी कबूल होत्या, वर एक तरणाबांड गोलरक्षकही. "पण आमचा मालक अडून बसलाय," तो म्हणाला. "म्हणतो, वर काहीतरी हवंच. काय ते उन्हाळ्यात सांगू."

या धंद्यात हे नेहमीचंच. सौदा केसाने अडला की 'पुढे ठरवू' असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पुढे त्यातून निघतं काय, तर एखादा कुणाला नको असलेला खेळाडू. मायरनने स्वतः एकदा अशा बाकीपोटी जुनी बस पदरात पाडून घेतली होती.

"माझी पोरं मागायची नाहीत. निवडीही नाहीत," मायरनने बजावलं.

"नाही मागणार. खेळाडूच नको. बाकी तुमच्या संघातलं काहीही. दिलं नाहीत, तर निवडी परत."

सगळं ऐकत बसलेल्या बर्निसने पेन उचललं आणि ती थांबली. "काहीही म्हणजे काहीही?"

"अहो, खेळाडू सोडले तर आपल्याकडे नेण्यासारखं आहे काय? बर्फ सपाट करायचं यंत्र? नेऊ दे की!"

तिने सही केली.

गावाने मायरनला महिनाभर शिव्या घातल्या. कॉफीच्या दुकानात लोक त्याच्याकडे पाठ फिरवून बसत. तो छाती काढून आत जायचा आणि सगळ्यांना मोठ्याने नमस्कार घालायचा. जूनमध्ये कॅलमने हॅमिल्टनला चषक मिळवून दिला, तेव्हा मायरनने घरी एकट्याने टाळ्या वाजवल्या. त्याला पोटभर आनंद झाला होता. आता आपली पाळी, असं त्याने मनाशी म्हटलं.

निवडीच्या आठवड्यात तो पोरांची नावं फळ्यावर लावत होता, तेवढ्यात बर्निस दारात आली. तिचे डोळे लाल होते.

"काय झालं?"

"आधी विल्फशी बोल," ती म्हणाली आणि तिच्या हातातला फोन तिने त्याला दिला. "मी तुझ्याच पोरांसाठी हो म्हटलंय, मायरन, नाहीतर निवडी परत गेल्या असत्या. एवढं लक्षात ठेव."

"काय रे म्हाताऱ्या, ठरलं का?" मायरन फोनमध्ये ओरडला. "यंत्र नेतोस की बस?"

"ते राहू दे तुमच्याकडेच," विल्फ म्हणाला. "मी परवा खुर्ची सोडतोय, आणि मालकाने माझ्या जागी तुला मागितलंय."