गुलाबाची चाल

आज पाठवायच्या चालीत एक सूर खटकत होता, पण कुठला ते भार्गवीला सापडेना.

तिचे वडील मागे येऊन उभे राहिले. सोलापुरी चादरींच्या नक्षीसाठी मागावरच्या पुठ्ठ्यांना घरं मोजून भोकं पाडण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि मागांच्या खडखडाटात कानही गेले होते. स्क्रीनवरच्या बारीक घरांत तिने एकेका सुराचा ठोकळा बसवला होता. ते टक लावून बघत राहिले.

"हा एक घर खाली घसरलाय," त्यांनी बोट ठेवलं. "बाकी तीन ठिकाणी नक्षी बरोबर आहे."

तिने ठोकळा वर सरकवला. चाल जुळली!

मग त्यांनीच माऊस घेतला आणि घरं भरत भरत चादरीवरचा गुलाब काढला. "वाजव."

तिने वाजवला. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"चाळीस वर्षं नुसता बघितलाय. ऐकायला कसा आहे गं?"