पदवीच्या टोपीचा रंग

पदवीदान समारंभात मृण्मयीच्या डोक्यावरची टोपी लालच राहिली. डोक्यात विषय असल्याशिवाय टोपी हिरवी होत नसे आणि टोपी हिरवी झाल्याशिवाय कुलगुरू पदवी देत नसत.

"जाऊ दे गं, फोटो तरी काढू," म्हणत तिच्या आईने, संजीवनीबाईंनी, रिवाजाप्रमाणे लेकीचा झगा स्वतःच्या अंगावर चढवून तिची टोपी घातली. टोपी लख्ख हिरवी झाली.

"आई, तुला भूगर्भशास्त्र येतं?"

"चार वर्षं तुझी उजळणी कोण घेत होतं? तू नुसती 'हं, हं' करायचीस, पुस्तक माझ्याच हातात असायचं!"

कुलसचिव धावतच आले आणि संजीवनीबाईंना मंचावर घेऊन गेले.

पदवी घेऊन उतरताच त्या म्हणाल्या, "चल घरी. या खेपेला पुस्तक तू धर, उत्तरं मी देते."