कापलेली बाजू

पहिल्या बक्षिसाची लाल फीत लावलेल्या फोटोसमोर ती उभी राहिली, पण बाबा तिच्याकडे बघत नव्हते.

खिडकीजवळच्या खुर्चीत ते बसले होते. हात गुडघ्यांवर, सदऱ्याचं वरचं बटण उघडं, मान फोटोच्या डाव्या कडेकडे वळलेली. ते जिकडे बघत होते तिकडे फोटोच संपत होता. खाली पांढऱ्या पट्टीवर फोटोचं नाव छापलं होतं: 'कोणी नाही'.

शहरातल्या हौशी फोटोग्राफरांच्या मंडळाचं ते वार्षिक प्रदर्शन. सकाळच्या पेपरात त्याची बातमी आली होती आणि बातमीसोबत हाच फोटो. दुपार व्हायच्या आत आत्याचा फोन आला. शेवटच्या आजारपणात आपला भाऊ असा एकटा पडला होता, हे बहिणीला पेपरातून कळावं, असं म्हणून आत्या रडली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, तू तर सांगायचीस, मी त्यांना सोडून कुठे जात नाही म्हणून. फोन ठेवून तिने शिलाई मशीनवरचं काम तसंच टाकलं आणि ती इथे आली. बाबा देवाघरी गेले ते गेले. पण त्यांच्यामागे हे नाव त्यांच्या कपाळी राहू द्यायचं नव्हतं. स्वतःच्याही.

शेजारी दोन बायका फोटो न्याहाळत होत्या. एकीने उसासा टाकला. पोटची पोरं असून काय कामाची, म्हणाली, आणि दुसरीने मान डोलावली. ती त्या दोघींकडे वळली, पण थांबली. अनोळखी माणसांना काय म्हणून सांगायचं?

फोटो काढणारे औषधवाले काका दाराजवळच्या टेबलापाशी सगळ्यांचं कौतुक झेलत होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं औषधांचं दुकान. बाबांच्या गोळ्या संपल्या की ते स्वतः घरी आणून द्यायचे, गळ्यात कॅमेरा अडकवून. बाबा म्हणायचे, हा एका हाताने औषध देतो आणि दुसऱ्या हाताने फोटो काढून ठेवतो. औषध लागू नाही पडलं तर निदान फोटो तरी कामी येईल.

तिला पाहून काकांचा चेहरा खुलला. बरं झालं आलीस, म्हणाले, तुझ्या बाबांनी बक्षीस मारलं बघ.

"काका, यात मी कुठंय?"

"अगं, तू डावीकडे मशीनवर होतीस ना. फ्रेमच्या बाहेर गेलीस."

"मी घराच्या बाहेर कधी गेले नाही. फ्रेमच्या बाहेर कशी गेले?"

काका हसायला गेले आणि अर्ध्यात थांबले. मग आवाज खाली आणून समजावू लागले. मशीन, कपड्यांचा ढीग, लोंबणारी वायर, त्या बाजूला फारच पसारा होता. नजर ठरत नव्हती. म्हणून तेवढी बाजू कापून टाकली. फोटोत असं सगळेच करतात, मनात वाईट काही नसतं.

"कापावं ना. आम्हीही कापतोच," ती म्हणाली. "पण शिवणीच्या आत थोडी माया ठेवतो, काका. कपडा अंगाला बसेनासा झाला तर उसवून सैल करता येतो. तुम्ही अगदी अंगालगत कात्री चालवलीत."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग मोबाइल काढून बराच वेळ बोट सरकवत राहिले आणि तो तिच्या हातात दिला.

न कापलेला फोटो होता.

तिने आधी डावी बाजू शोधली. होती ती. पाठ वाकलेली, मान खाली, शाळेच्या गणवेशांच्या ढिगाआड अर्धीमुर्धी. आत्याला दाखवायला एवढं पुष्कळ होतं. मग तिची नजर बाबांकडे गेली. रस्ता दिसावा, जिवाला तेवढाच विरंगुळा म्हणून तिनेच त्यांची खुर्ची खिडकीशी मांडली होती. बाबांचं खिडकीकडे लक्षच नव्हतं. ते तिच्या पाठीकडे बघत होते.

"मी तुला हाक मारणार होतो," काका म्हणाले. "त्यांनीच हाताने थांबवलं. म्हणाले, राहू दे, कामात आहे ती. आणि परत तुझ्याकडे बघत बसले."

तिने मोबाइल परत दिला. काका म्हणत होते की उद्या हाच पूर्ण फोटो छापून लावतो, परीक्षकांना मी सांगेन, बक्षीस गेलं तर गेलं. ती पुन्हा भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती.

"फोटो असू दे," ती शेवटी म्हणाली. "नाव तेवढं काढा. आणि आत्याला तो पूर्ण फोटो पाठवा. माझी पाठ दिसते त्यात. दिसू दे."

काकांनी भिंतीपाशी जाऊन नखाने पट्टीचं टोक उचललं. पट्टी सरळ निघेना. ओढली तशी भिंतीच्या रंगाचा पापुद्राही सोबत आला. तोवर ती फोटोच्या डाव्या अंगाला सरकली होती. बाबांची नजर जिथे जात होती तिथे, भिंतीला खेटून, त्यांच्याकडे तोंड करून ती उभी राहिली.

मघाशी उसासा टाकणाऱ्या बाईंनी बक्षिसाच्या फोटोवर मोबाइल धरला.

"अहो ताई, जरा बाजूला होता का? तुम्ही फोटोत येताय."

"येऊ दे तिला," काका म्हणाले.