आईच्या नावावरचा बोनस

स्वतःच्या नावावर मिळतील तेवढे बोनस घेऊन झाले, तेव्हा प्रीतमने आईचं आधार कार्ड काढलं. नव्या बँकेत खातं उघडलं की पाचशे रुपये मिळायचे. ते मिळाले की बँक बदलायची. अंगठा आईचा, म्हणजे जाईबाईचा, मोबाइल नंबर प्रीतमचा. चार महिन्यांत तीन बँका झाल्या. पाचशे तर मिळतच, वर दर महिन्याला दीड हजार आपोआप पडत. "नव्या गिऱ्हाइकाचे लय लाड करतेत हे लोक," असं तो दोस्तांना सांगे.

नेमका तेव्हापासूनच आईचा निराधार योजनेचा सरकारी पगार बंद झाला. जुन्या पासबुकात काही येईना. बीपीची गोळी ती एक दिवसाआड घेऊ लागली. शेवटी प्रीतम तिला घेऊन बार्शीटाकळीच्या तहसीलात गेला आणि खिडकीवर हात आपटून म्हणाला, "जिती बाई उभी हाये तुमच्यासमोर. मेली म्हणून लिहून ठेवलं काय तुमी?"

बाबूने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"पगार त दर महिन्याले जाऊन राहिला, भाऊ. पुरे दीड हजार. आधार ज्या खात्याले शेवटी जोडलं, तिथं पडते तो. नवीन खातं कोणी काढलं, ते घरी विचारा."

प्रीतमचा हात खिडकीवरच राहिला.

जाईबाईने बाबूपुढे हात जोडले.

"रागावू नका साहेब. लेक माह्यासाठीच भांडून राहिला."